पाटी रस्त्याकडे होती

सौंदडला रेल्वे स्टेशन आहे, महामार्ग आहे. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं इथूनच साकोलीला, गोंदियाला जातात. अत्याचार झालेल्या बायामुलींसाठी संस्था काढायची तर इथेच, असं आम्हाला वाटलं. नोंदणीला निदान 7 सभासद लागतात, आणि आम्ही नेमक्या 7 जणी होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, दोघी आशाताई, बाकीच्या बचत गटातल्या. धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे संपून कागद हाती आला, तेव्हा आम्ही पहिलं काम केलं ते पाटी रंगवून घेण्याचं. 'अत्याचारपीडित महिला साहाय्य केंद्र'. टपरीवर चहा पिणाऱ्यालाही वाचता येईल एवढी मोठी.

8 महिने कुणीही आलं नाही. आमच्यातली एक म्हणायची, आपल्याकडे असं होतच नसेल. मलाही ते खरं मानावंसं वाटू लागलं होतं.

मग रोवण्याच्या दिवसांत एका रात्री माझ्या घराच्या मागच्या दाराची कडी वाजली. एक आई आपल्या सज्ञान मुलीला घेऊन आली होती. केंद्रावर का नाही आलात, असं मी विचारलं. ती म्हणाली, "समोरून कशी येऊ बाई? सारं गाव पाटी वाचते."

त्या रात्री मी जे केलं ते तुम्ही करू नका. आधी मुलीला गरम पाणी काढून दिलं, अंग धुऊन घे म्हटलं. मायेनेच म्हटलं, पण पुरावा त्या पाण्याबरोबर गेला. मग काय झालं ते विचारलं. सकाळी अध्यक्षताईंनी विचारलं, नंतर आशाताईंनी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिने तेच तीनदा सांगितलं होतं, आणि डॉक्टरांसमोर तिचा आवाजच निघेना. आता आमच्याकडे एकच बाई बोलते, आणि तीही फक्त तीन गोष्टी विचारते: कुठे दुखतंय, आता भीती कुणाची आहे, आणि तुला काय हवंय. बाकीचं विचारणं डॉक्टरांचं आणि पोलिसांचं.

अंग धुवायची इच्छा होणारच. तिला जबरदस्तीने अडवू नका, दवाखान्यात जाईपर्यंत थांबता येईल का, एवढं विचारा. अंगावरचे कपडे बदलले असतील तर न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि डाग खराब होतात. अंग धुतलं असलं तरी दवाखाना टाळू नका. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर मिळतील तितकी बरी. एचआयव्हीच्या औषधांना तर 72 तासांची मर्यादाच आहे. सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने तिच्यावर मोफत उपचार करायचे, असा कायदा आहे. आधी तक्रार घेऊन या, असं कुणी म्हटलं तर परत फिरू नका. तक्रारही कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर मात्र पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. अशा लेकराला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. ते मोडावं लागतं, आणि मग ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र याच्याही नंतरची. आम्हाला पैसा हवा होता. एका देणगीदाराने कामाचा अहवाल मागितला, त्यात 'एखादी खरी कहाणी' असावी म्हणाला. मी त्या रात्री आलेल्या मुलीचं नाव बदललं, आणि वय, गाव, वडिलांचा धंदा मात्र जसाच्या तसा लिहिला. दोनशे उंबऱ्यांच्या गावात त्या वयाची, त्या धंद्याच्या घरातली मुलगी कितीशी असणार? अहवाल छापून आला, आणि पंधरा दिवसांत गावाने तिला ओळखलं. ठरू घातलेली सोयरीक मोडली. आई मला एक शब्दही बोलली नाही.

अशी ओळख उघड करणं गुन्हा का ठरला, त्याची सुरुवात आमच्याच भागातली. सौंदडवरून बल्लारशाकडे जाणारी गाडी वडसा स्टेशनावर थांबते. तिथे, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, 1972 साली एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं, 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला. अशा स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा झाला तो त्याच बदलाने. पण जिच्यामुळे तो झाला, तिच्याच नावाने तो खटला आजही ओळखला जातो. म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे, ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट. मी हे वाचलं ते अहवाल वाटून झाल्यावर.

आज केंद्राच्या खोलीवर 'शिवणवर्ग व वाचनालय' अशी पाटी आहे, आणि शिवणवर्ग खरोखर चालतो. कापड घेऊन आत आलेल्या बाईकडे कुणी वळून पाहत नाही. नोंदवहीत नाव नसतं, आकडा असतो, आणि तिच्या कुलपाची किल्ली एकीजवळच असते. मनोधैर्य योजनेच्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा गोंदियाच्या सखी केंद्रात जायचं असेल तर आमच्यातल्या दोघीच सोबत जातात, संस्थेचं नाव लिहिलेली गाडी नेत नाही. देणगीदाराला आम्ही फक्त संख्या कळवतो. कहाणीच हवी म्हणणाऱ्या दोघांना नकार दिला, आणि त्या वर्षी खोलीचं भाडं आम्ही सात जणींनी वर्गणी काढून भरलं.

त्या अहवालाच्या 50 प्रती छापल्या होत्या. दारोदार फिरून मी 47 परत आणल्या आणि चुलीत घातल्या. 3 अजून कुठेतरी आहेत.