मेणबत्ती विझली, पाणी चढले, पण का?

विद्यार्थी मित्रहो, पुढील प्रयोग तुम्ही केला नसेल, तर निदान पाहिला तरी असेलच. ताटलीत मेणबत्ती उभी करायची, ताटलीत थोडे पाणी ओतायचे, मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्याच वेळात ज्योत मंदावते, विझते आणि ताटलीतले पाणी पेल्यात वर चढते. मग वहीत ठरलेले अनुमान उतरते : ‘मेणबत्तीने हवेतील ऑक्सिजन वापरला. त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. पाणी एक पंचमांश चढले, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो.’

हवेत घनफळाने सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, हे अगदी खरे. पण ते या प्रयोगाने सिद्ध होते का? एखाद्याच्या पेल्यात पाणी एक दशांशच चढते, तर दुसऱ्याच्या पेल्यात एक चतुर्थांश. मग तो काय करतो? स्वतःचा आकडा खोडतो आणि शेजाऱ्याच्या वहीतला ‘१/५’ उतरवून घेतो. गुण मिळतात, तासही संपतो. पण शिकण्यासारखे जे होते, ते नेमके त्या खोडलेल्या आकड्यात होते!

हाच प्रयोग जरा निराळ्या रीतीने करून पाहू या.

आधी अंदाज, मग प्रयोग

काडी ओढण्यापूर्वी शिक्षकांनी फळ्यावर एक प्रश्न लिहावा : ‘एका मेणबत्तीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी कमी चढेल, तितकेच चढेल, की जास्त चढेल?’ प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज आणि त्याचे कारण एका चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठीवर नाव नको. म्हणजे चुकण्याची भीती राहत नाही. तिन्ही उत्तरांना किती मते पडली, ते फळ्यावर मांडावे. ज्याने एकदा अंदाज लिहिला, तो प्रयोगाकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो.

आता वर्गाचे चार गट करावेत. सर्वांचे पेले एकाच मापाचे आणि मेणबत्त्या एकाच उंचीच्या असाव्यात. पाण्यात शाईचे दोन थेंब टाकावेत, म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. पेल्यावर बाहेरून खुणा केलेली कागदाची पट्टी चिकटवावी.

गट १ : एक मेणबत्ती. पेला चटकन उपडा घालावा.
गट २ : तीन मेणबत्त्या जवळजवळ.
गट ३ : एकच मेणबत्ती, पण पेला फडक्याने धरून पाच सेकंद ज्योतीवर उपडा धरावा आणि मग खाली टेकवावा.
गट ४ : मेणबत्ती नाहीच. पेला हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून तापवावा, रिकामा करावा आणि लगेच ताटलीत उपडा घालावा.

प्रत्येक गटात एकाने फक्त एवढेच पाहावे, की पाणी नेमके केव्हा चढते : ज्योत जळत असताना, की विझल्यावर? ज्योतीजवळ केस व कपडे नेऊ नयेत आणि शिक्षक जवळ असल्याशिवाय प्रयोग करू नये.

काय दिसले?

पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या गटाचे पाणी जास्त चढते. तिसऱ्या गटाचेही जास्त चढते. चौथ्या गटात काहीच जळाले नाही, तरी पाणी थोडे चढतेच! शिवाय ज्योत चांगली जळत असेपर्यंत पाणी फारसे हलत नाही. ती विझता विझता मात्र ते भराभर वर येते. पेला टेकवताना कडेने बुडबुडे बाहेर पडताना दिसले, तर तेही टिपून ठेवावे.

आता विचार करा. तीन मेणबत्त्या लावल्या म्हणून पेल्यातला ऑक्सिजन काही तिप्पट होत नाही. तीन ज्योतींनी वाढते ती उष्णता. उष्णतेने हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग पेल्याबाहेर जातो. ज्योत विझली की आत उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो.

थोडे गणित करू. हवेचे तापमान ८७° सेल्सिअसवरून २७° सेल्सिअसवर, म्हणजे ३६० केल्विनवरून ३०० केल्विनवर आले, तर दाब तोच असताना घनफळ एक षष्ठांशाने घटते. एक पंचमांशाच्या किती जवळ! म्हणजे पाणी कधी कधी ‘बरोबर’ खुणेपर्यंत चढते, तो योगायोग होय.

मग ऑक्सिजनचे काय? तो वापरला जातो, पण त्याच्या जागी दुसरा वायू येतो. मेणाच्या २५ कार्बन अणू असलेल्या एका रेणूचे समीकरण पाहा :

C₂₅H₅₂ + ३८ O₂ → २५ CO₂ + २६ H₂O

पाण्याची वाफ थंड होऊन द्रवरूप झाली, तरी ३८ भाग ऑक्सिजनच्या बदल्यात २५ भाग कार्बन डायऑक्साइड येतो. तो पाण्यात विरघळतो खरा, पण एवढ्या थोड्या वेळात फारसा नाही. म्हणजे सगळा ऑक्सिजन जळाला असता, तरी हवेचे घनफळ सुमारे ७ टक्क्यांनीच घटले असते. प्रत्यक्षात तर बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते.

मग ऑक्सिजन मोजायचा कसा?

जळताना नवा वायू तयार होणार नाही, असा पदार्थ हवा. फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी बंदिस्त हवेत पारा बारा दिवस तापवला. पाऱ्याने ऑक्सिजन घेतला आणि त्याची लाल भुकटी झाली; नवा वायू मात्र निर्माण झाला नाही. हवा सुमारे एक षष्ठांशाने घटली. पाऱ्याची वाफ विषारी असते, म्हणून हा प्रयोग आपण मुळीच करायचा नाही. आपल्यासाठी लोखंडाचा गंज पुरेसा आहे.

परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोहकीस टाका आणि नळी फिरवा. कीस आतल्या बाजूला चिकटेल. ही नळी पाण्याच्या चंचुपात्रात उपडी उभी करा आणि काही दिवस हलवू नका. पाणी चढायचे थांबले, की नळी वरखाली करून आतले व बाहेरचे पाणी एका पातळीत आणा आणि मगच मोजा. पाणी एक पंचमांशाच्या आसपास चढलेले दिसेल. इथे ज्योत नाही, उष्णतेचा घोटाळा नाही आणि गंज हा घन पदार्थ आहे.

शिक्षकांसाठी दोन शब्द

या तासाला उत्तर सांगण्याची घाई करू नये. चारही गटांचे आकडे फळ्यावर येऊ द्यावेत आणि ‘ऑक्सिजन संपला’ हे कारण कोणत्या आकड्याशी जुळत नाही, ते मुलांनाच शोधू द्यावे. जुळणाऱ्या आकड्यापेक्षा न जुळणाऱ्या आकड्याला अधिक मान द्यावा. आणि मित्रहो, पुढच्या वेळी तुमचे निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही, तर ते खोडू नका. प्रयोग पुन्हा करा आणि विचारा, ‘असे का?’

करून पाहा
१. मेणबत्ती तीच ठेवून पेला मोठा घेतला, तर पाण्याच्या उंचीत काय फरक पडेल? आधी अंदाज लिहा.
२. गंजाच्या प्रयोगात एका नळीत लोहकीस न टाकता ती तशीच उपडी ठेवा. या नळीची गरज काय?