आधी त्याला कामाला लाव!

हे बघ, कॉम्प्युटरवाल्याला फोन लावायचा विचार जरा बाजूला ठेव. खोक्यावर 4.4 गिगाहर्ट्झ छापलंय आणि स्क्रीनवर 1.2 दिसतंय, म्हणून पोटात गोळा आलाय ना तुझ्या? ‘आपल्याला फसवलं’ इथपर्यंत तू पोचलीही असशील. मार्चएंडची कामं डोक्यावर, त्यात हे मशीन रडतंय, वैताग येणारच गं. पण खरं सांगू का, यातलं बरंचसं तुझं तुलाच घरी सापडेल. ताळेबंदातला दोन रुपयांचा फरक रात्र जागून शोधणारी तू, तुला हे काय अवघड!

तुझा आय-फाइव्ह 12400 आहे ना? त्याचे आकडे दोन. 2.5 हा बेस स्पीड, म्हणजे 65 वॉटमध्ये भरपूर काम अंगावर असताना त्याने इतकं तरी पळायलाच हवं. 4.4 हा वरचा, टर्बोचा आकडा. एखाद्या कोरवरच भार असेल तेव्हा तो तिथवर जातो, सगळे सहा कोर राबायला लागले की थोडा खाली राहतो. आणि तू नुसती मेल वाचत बसली असशील तर तो 2.5 च्याही खाली उतरतो. पातेलं उतरवल्यावर आपण गॅस मोठा ठेवतो का? तसंच. तेव्हा रिकाम्या वेळी दिसणारा 1.2 हा बिघाड नाही. वीज वाचवतोय बिचारा.

म्हणून आधी त्याला कामाला लाव आणि मगच आकडा बघ. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलंस की टास्क मॅनेजर उघडतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवड. मग सिनेबेंच नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालव, शेजारी एचडब्ल्यू-इन्फो उघडून तापमान बघत राहा. वापर 100 टक्के आणि स्पीड 2.5 च्या वर टिकून असेल तर प्रोसेसर ठणठणीत आहे, त्याच्या नावाने खडे फोडू नकोस. तरीही फायली उघडायला वेळ लागत असेल तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’कडे बघ. जुनी फिरणारी हार्ड डिस्क 100 टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर पैसे एसएसडीवर घाल. प्रोसेसरवर नको.

पण भार असतानाही आकडा बेसच्या खालीच राहिला किंवा बेसवरच अडकला, तर मात्र पदर खोचायचा.

सोपं आहे ते आधी. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघड. तिथे ‘पॉवर सेव्हर’ असेल तर ‘बॅलन्स्ड’ कर. मग त्याच प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ शोध आणि तो 100 आहे का बघ. मशीन तापू नये म्हणून कुणीतरी शहाण्याने तो 99 करून ठेवलेला असतो. एका टक्क्याने काय होतंय, असं वाटतं ना? टर्बोच बंद होतो! मग 12400 काही केल्या 2.5 च्या वर जात नाही. तुझ्या घरातला भाचा असल्या गोष्टी करण्यात पटाईत आहे, आधी त्याला विचार.

आता उष्णता. आपल्याकडे बरेचसे घोटाळे इथेच असतात. तापमान शंभराला टेकलं की 12400 जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. आणि तू काय केलंयस बघ: कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली, वर भरतकामाचं कव्हर! काढ आधी ते. कितीही सुंदर असलं तरी काढ. मग मशीन बंद कर, प्लग उपट, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर आणि बाजूचं झाकण उघड. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत धूळ बसलेली असेल, स्वयंपाकघर जवळ असेल तर तेलकट चिकट. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा घे, पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, आणि व्हॅक्यूम क्लीनर लांब ठेव. त्याच्या नळीतून स्थिर वीज उतरू शकते. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही, अजिबात नाही.

पंखा नीट बसलाय का, तेही हलवून बघ. इंटेलच्या पंख्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खुंट्या असतात. मी त्यांना स्क्रू समजले आणि बाणाच्या दिशेने चांगल्या ‘घट्ट’ केल्या होत्या गं! बाण असतो तो सोडवायचा. बसवताना खुंटी उलट फिरवून वरून दाबायची, टक् आवाज आला पाहिजे. तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन आधी, मग उरलेल्या. पंखा काढलास तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लाव, मटाराच्या दाण्याएवढी. जास्त लावली म्हणून जास्त गार होत नाही.

तुझ्या जावेकडे ए-एम-फोर सॉकेटचा रायझन आहे, तिला हा उद्योग करायचा असेल तर सांग, आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम होऊ दे, मग बंद करून पंखा किंचित पिळून सोडव. एकदम वर खेचला तर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात.

बरं, तापमान पन्नासच्या आत आणि तरी वेग 0.8 वर खिळलेला, कितीही काम दिलं तरी हलत नाही, असं असेल तर? तेव्हा बहुधा मदरबोर्ड त्याला अडवतोय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 37 क्रमांकाची नोंद शोध. प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने मर्यादित केलाय, असं ती स्पष्ट सांगते. मग प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वीजजोडणी नीट बसलीय का बघ. बायोसमध्ये ‘लोड डिफॉल्ट्स’ कर. घड्याळ सारखं मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर 2032 सेल बदल, तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. बायोस अपडेट अगदी शेवटी, आणि यूपीएस असेल तरच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. इतकं करूनही 0.8 हटला नाही, तर बहुधा बोर्डावरचा वीजपुरवठ्याचा भाग तापतोय किंवा बिघडलाय, आणि तिथे मात्र माहीतगार माणूसच लागतो. त्यात कमीपणा काही नाही.

दुकानात नेलंस तर भार असतानाचा वेग आणि तापमान, दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतील असा फोटो काढून ने. प्रोसेसर खरंच बिघडला की मशीन हँग होतं, बंद पडतं, सुरूच होत नाही. नुसता हळू चालणारा प्रोसेसर सहसा मेलेला नसतो. तेव्हा कुणी फोटो न बघताच ‘मॅडम, नवीन घ्या’ म्हणाला, तर कॅबिनेट उचल आणि सरळ घरी ये.