डिझेल गाडीच्या इंधनमार्गातील हवा

बंगळूरच्या उत्तर भागातील येलहंक्यावरून हैदराबादकडे राजमार्ग जातो. अशा मार्गावर, टाकीत भरपूर तेल असूनही एखादी जुन्या धर्तीची मालमोटार बंद पडली, तर प्रथम इंधननळी तपासावी. टाकी व पुरवठापंप यांमधील नळीतून तेल शोषले जाते. म्हणून तिला चीर पडल्यास इंजिन चालू असताना तेल बाहेर न गळता हवाच आत शिरते. नळी कोरडी दिसते, हेच या दोषाचे फसवे रूप होय.

तेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. फवारणीची तोटी उघडण्यास वातावरणाच्या १०० ते २५० पट दाब लागतो. पंपाचा रेटा बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडला, तर ती उघडत नाही. अशा वेळी स्टार्टर वारंवार फिरविल्याने केवळ बॅटरी रिकामी होते.

इंजिन निवाल्यावर डिझेलला टिकणारी, मूळ मापाचीच नळी बसवावी. उघडलेल्या सांध्यांतील तांब्याच्या चकत्याही बदलाव्यात. नंतर गाळणीवरील हवा सोडण्याचे मळसूत्र सैल करून हातपंप चालवावा. फेस जाऊन अखंड धार लागली, की ती वाहत असतानाच मळसूत्र आवळावे. मग हीच क्रिया फवारणीच्या पंपावर करावी.

कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात मात्र इंजिन चालू असताना उच्च दाबाचे सांधे कदापि सैल करू नयेत. तेथील बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते.