पूर्णाकाठचे ऋणमोचन

वऱ्हाडची पूर्णा नदी सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते आणि चांगदेवाजवळ तापीला मिळते. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धाव घेतात. ही मात्र पश्चिमेची वाट धरते. तिच्या खोऱ्यातील काळी जमीन कसदार खरी, पण तेथील कित्येक विहिरींचे पाणी खारट. त्या मुलखाला खारपाणपट्टा असेच म्हणतात. ज्याच्या विहिरीचे पाणी तोंडी धरवत नाही, त्याला नदी देवासारखी वाटावी, यात नवल ते काय?

याच नदीच्या तीरी, अमरावती जिल्ह्याच्या भातकुली तालुक्यात, ऋणमोचन हे गाव आहे. तेथे मुद्गलेश्वराचे देवालय आहे. ऋण म्हणजे कर्ज आणि मोचन म्हणजे सुटका. येथे स्नान करणारा ऋणातून मोकळा होतो, अशी भाविकांची श्रद्धा. पौष महिन्यातील रविवारी येथे यात्रा भरते. पूर्वी रात्रभर बैलगाड्यांच्या घुंगरांचा नाद रस्त्याने ऐकू येई.

यात्रा म्हटली की खाऊची दुकाने आलीच. कढईत जिलेबीची वेटोळी फुगत असतात, भज्यांचा वास दरवळतो, शेव-रेवड्यांचे ढीग लागतात. परंतु वऱ्हाडातील देवस्थानांचे खरे पक्वान्न म्हणजे रोडगे. जाडसर कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळतात. लहान लहान पोळ्या लाटून एकावर एक ठेवतात, त्यांवर आणखी एक पोळी लपेटून गोळा करतात. मग गोवऱ्यांचा विस्तव फुलवून त्यात हे गोळे भाजतात व शेवटी गरम राखेत पुरून ठेवतात. घाई करणाऱ्याचा रोडगा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो! राख झटकून तो फोडला की आतले पदर सुटे होतात. त्यांवर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. या दिवसांत वांगी ताजी व स्वस्त असतात, तेव्हा गरिबाच्या पंगतीलाही हे जेवण परवडते.

पण सगळेच नवस इतके स्वस्त नसत. नवसासाठी सावकाराकडून पैसे काढावेत, थाटाने जेवणावळी घालाव्यात आणि पुढे व्याज फेडताना शेत गमवावे, असे पुष्कळ घडे. ऋणमोचनाला जाण्यासाठीच ऋण काढायचे, हा केवढा विरोध!

हे दुःख डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी लहानपणीच पाहिले होते. १८७६ साली शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी ते वाढले. मामांची शेती सावकाराच्या कर्जात सापडली, तेव्हा रात्रंदिवस शेतात राबणाऱ्या डेबूजींना अक्षरशत्रू कुणब्याची कशी फसगत होते ते कळले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हेच पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखले जाऊ लागले.

ऋणमोचनाच्या यात्रेत बाबा येत, ते हाती कुदळ-फावडे घेऊन. नदीत उतरण्याची दरड निसरडी होती; म्हातारी माणसे घसरून पडत. बाबांनी ती खणून, माती टाकून वाट केली. कोणी पुण्य मागत होते, कोणी मोक्ष; बाबा चिखल उपसत होते. पुढे तेथे पक्का घाट झाला. बाबांनी यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना व अनाथांना जेवण घालण्यास आरंभ केला. रात्री कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडी-बकरी मारू नका, मुलांना शाळेत घाला, असे बजावीत.

हजारो लोकांच्या पंगती उठत, तरी बाबा मात्र त्या पंगतीत बसत नसत. कोणा गरिबाच्या घरून मागून आणलेली भाकरी व चटणी ते आपल्या फुटक्या गाडग्यात घेत आणि एकीकडे बसून खात. जेवण आटोपले की हातात खराटा घेऊन उष्ट्या पत्रावळी गोळा करायला निघत.