बिनइंजिनाचे विमान दरीतून वर कसे आले?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या डोंगरात विमान कोसळल्यावर वाचलेल्यांना ग्लायडरने बाहेर काढले, असे वाचले. ग्लायडरला इंजिन नसते. मग ते उडाले कसे?

उत्तर: ते स्वतःच्या बळावर उडाले नाही, ओढून नेले. 13 मे 1945 रोजी हॉलंडियाहून (आजचे जयापुरा) 24 जणांना घेऊन निघालेले अमेरिकन सी-47 विमान बालिएम खोऱ्याजवळच्या डोंगरावर आदळले. अखेर तिघेच वाचले: मार्गारेट हेस्टिंग्ज, केनेथ डेकर आणि जॉन मॅकोलम. मॅकोलमचा जुळा भाऊ त्याच अपघातात गेला.

खोऱ्यात धावपट्टी नव्हती. त्या काळच्या हेलिकॉप्टरला एवढ्या उंचीची विरळ हवा पेलत नव्हती. पायी यायचे तर मध्ये घनदाट जंगल, आणि त्यात जपानी सैनिक अजून लपलेले. म्हणून ग्लायडर ओढत आणून खोऱ्यात सोडले. दोन खांबांवर, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा, नायलॉनच्या दोराचा फास टांगला आणि त्याचे दुसरे टोक ग्लायडरला बांधले. वरून दुसरे सी-47 अगदी खाली झेपावत आले आणि त्याच्या आकड्याने फास उचलला. दोर एकदम ताणला असता तर तुटला असता किंवा ग्लायडरच मोडले असते. पण नायलॉन ताणले जाते, शिवाय विमानातल्या रहाटावरून आकड्याची तार सुटत जाऊन ब्रेकने हळूहळू आवळली जायची. 28 जूनला तिघे बाहेर पडले. त्यांच्यासाठी उतरलेले सैनिकही ग्लायडरनेच बाहेर आले.

लोकांच्या लक्षात राहते ती ही करामत, आणि आहेच ती थरारक. पण मला विचाराल तर खरी सुटका त्याच्या कितीतरी आधी झाली होती. हेस्टिंग्जच्या भाजलेल्या पायांत गँगरीन शिरले होते, डेकरच्या डोक्याला खोल जखम होती. आठवडा उलटण्याआधीच बेंजामिन बुलाताओ आणि कॅमिलो रामिरेझ हे दोन फिलिपिनो-अमेरिकन वैद्यकीय सैनिक त्या डोंगरावरच्या झाडीत पॅराशूटने उतरले. त्यांना परत कसे आणायचे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते; तरी ते स्वखुशीने गेले. उतरताना रामिरेझचा घोटा दुखावला, तरी तो चालत जखमींपर्यंत पोचला. मग रोज ड्रेसिंग, सडलेली कातडी कापून काढणे, पुन्हा ड्रेसिंग. हेस्टिंग्जचे पाय कापावे लागतील अशी भीती होती. ते वाचले, आणि जूनमध्ये ती डोंगर उतरून ग्लायडरच्या जागेपर्यंत त्याच पायांनी चालत आली.