टक्केवारी इथंच ठेवून जा

गॅलडेटला जाणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी तू लिहिलेली स्वतःची ओळख वाचली. इंग्रजी झकास जमलंय गं. पण पहिल्याच ओळीत डेसिबल, दुसऱ्या ओळीत अपंगत्वाच्या युडीआयडी कार्डावरची टक्केवारी! एसटीच्या सवलतीचा अर्ज भरतेयस का?

तुझा दोष नाही. सवलत हवी तर टक्के सांगा, प्रवेश हवा तर ऑडिओग्राम दाखवा, यातच आपण वाढलो. वॉशिंग्टनचं गॅलडेट विद्यापीठ मात्र १८६४ पासून बहिऱ्यांसाठी आहे. १९८८ साली तिथल्या मुलांनी फाटकं अडवून आठवडाभर आंदोलन केलं, तेव्हा कुठे पहिला बहिरा अध्यक्ष मिळाला. तुझा कान किती गेलाय, याचं तिथं कुणाला काडीचं अप्रूप नाही. भेटल्यावर विचारतात ते वेगळंच: गाव कुठलं, शाळा कुठली, घरात आणखी कुणी बहिरं आहे का? मग तेच लिही की. आपली निवासी शाळा येऊ दे त्यात. वर्गात हात मांडीवर ठेवून बाईंच्या ओठांकडे बघत बसायचो आणि रात्री वसतिगृहात दिवे मालवले की गोधडीत टॉर्च लावून हातांनी गप्पा ठोकायचो, ते लिही. तुझं खूणनावही सांग, गालावरच्या खळीचं. तिथं कुणी लगेच नवं द्यायला निघालं तर घाई करू नकोस.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिथं पहिले काही महिने तू बहिऱ्यांतही परकी असशील. त्यांच्या खूणभाषेचं मूळ बरंचसं फ्रान्सकडचं, आपली वेगळी. आपण इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतो, ते एकाच हातानं, आणि इतक्या झरझर की डोळे दमतात. निदान स्वतःचं नाव तरी त्यांच्या पद्धतीनं आत्तापासून घोटून ठेव.

आणि ती मान डोलवायची सवय सोड बाई. घरी पंगतीत सगळे हसले की आपणही हसतो. काय झालं विचारलं तर "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर कधी उजाडत नाही, मग आपण विचारणंच सोडून देतो. तिथल्या वर्गात असं करून कसं चालेल? कळलं नाही तर हात वर कर, पुन्हा सांगा म्हण. तिसऱ्यांदा विचारलंस तरी मला त्यात काही वावगं वाटत नाही. फी भरलीय आपण.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. काउंटरवर बहिरी आहे म्हटलं की व्हीलचेअर पुढे करतात. हसून नको म्हण. पाय धड आहेत, आपल्याला हवी असते ती गेट बदलल्याची बातमी. म्हणून गेटवरच्या माणसाला आधीच भेट, चेहरा दाखव आणि बोर्ड दिसेल अशीच जागा धर. श्रवणयंत्राचे सेल हातातल्या बॅगेत ठेव. 'मी बहिरी आहे, कृपया लिहून विचारा' एवढं इंग्रजीत छापलेलं कार्ड पासपोर्ट आणि विद्यापीठाच्या आय-ट्वेंटी फॉर्मबरोबर असू दे. इमिग्रेशनच्या साहेबाचे ओठ वाचायच्या भानगडीत पडू नकोस. मराठीतसुद्धा पाल आणि माल ओठांवर सारखेच दिसतात, तिथं तर अमेरिकन उच्चार, त्यात मिशी असली म्हणजे संपलंच. कागद-पेन सरळ त्याच्यापुढे सरकव. आईला सोबत आत नेता येणार नाही, आणि खरं सांगू, ते बरंच आहे. आजवर कुणीही तुला काही विचारलं की उत्तर तीच देत आलीय.

ओळखीचा नवा खर्डा रात्री पाठव. मग व्हिडिओ कॉल करू. फक्त खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, मागच्या वेळी तुझे हात नुसते काळे दिसत होते.