नळाचें पाणी
तोटी फिरविली कीं पाणी येतें. म्हणून पाणी जणूं तोटींतच उत्पन्न होतें, असें वाटूं लागतें. ही समजूत किती फसवी आहे, हें आपल्या नांदेडच्या शेजारच्या लातूर शहरानें अनुभविलें आहे.

नळयोजनेचीं मुख्य अंगें चार. पहिलें अंग उगम; म्हणजे नदी, धरण किंवा विहीर. दुसरें शुद्धीकरण. तुरटीनें गाळ खालीं बसवितात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात व क्लोरिननें रोगजंतु मारतात. तिसरें उंच टाकी. टाकी जितकी उंच, तितका नळांत दाब अधिक. दर १० मीटर उंचीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारें १ किलोग्रॅम भार पडतो. चौथें अंग जमिनीखालील नळांचें जाळें.

२०१६ सालीं लातुरांत टाक्या होत्या, पंप होते, नळही होते. परंतु मांजरा धरण कोरडें पडलें होतें. तेव्हां कृष्णाकांठच्या मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पोंचलेल्या पहिल्या गाडीच्या १० टाकीडब्यांत सुमारें ५ लाख लिटर पाणी होतें. शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक. म्हणजे माणशीं जेमतेम सवा लिटर!

तात्पर्य, यंत्र पाणी गाळतें, चढवितें, वाहून नेतें. निर्माण करीत नाहीं. तें देवाचें देणें आहे. म्हणून गळती तोटी दिसतांच ती बंद करावी, आणि छपरावरील पावसाचें पाणी विहिरीच्या परिसरांत मुरवावें. उगम राखला, तरच तोटीला अर्थ आहे.